प्यो दुभाष्याची आईबोली

फंगह्वांगच्या किल्ल्यात मी चौतीस वर्षं कारकुनी केली. त्यातली तीस वर्षं माझ्या समोरच्या बैठकीवर प्यो मुन्सक बसत असे. तो सरकारी दुभाषी. कोरियाच्या राजाचे वकील दर हिवाळ्यात नजराणा घेऊन आमच्या मांचू बादशहाच्या राजधानीकडे निघायचे, तेव्हा सीमेच्या कुंपणातल्या दरवाजापाशी त्यांचं बोलणं किल्लेदाराला सांगायचं आणि किल्लेदाराचं त्यांना, एवढंच त्याचं काम. वर्षातून दोनदा, जाताना आणि येताना. मधले दहा महिने तो चाऱ्याच्या याद्या करायचा. अक्षर चांगलं होतं.

दुभाषीपद त्याला वडिलांकडून आलं. वडील मांचू फौजेतल्या कोरियन तुकडीतले. दुभाष्याचा मुलगा दुभाषी होईल असा सरकारी नियम होता. मुलाला भाषा यायला हवी, असं त्या नियमात कुठे म्हटलेलं नव्हतं. मी तो नियम दोनदा वाचला आहे.

वडिलांची कोरियन उत्तम होती, पण प्यो सहा वर्षांचा असताना ते तापाने गेले. शिवाय कोरियन ही त्यांची कामाची भाषा. घरी आल्यावर ती त्यांना नको असायची, घरात ते मांचूत बोलायचे आणि तेही थोडंच. प्योला जी भाषा आली ती आईकडून.

आईचं नाव गान्नान. युद्धाच्या हिवाळ्यात मांचू फौज गोठलेली नदी ओलांडून कोरियात गेली आणि परत येताना माणसं घेऊन आली. त्यात ती होती, आठ वर्षांची. मुकदनला एका सरदाराच्या घरी तिने सतरा वर्षं भांडी घासली. त्या घरात कोरियन बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. मग प्योच्या वडिलांशी तिचं लग्न लागलं आणि त्यांचं घरातलं बोलणं कसं होतं ते मी वर सांगितलंच. त्यामुळे तिची कोरियन आठव्या वर्षी जिथे थांबली तिथेच राहिली. मुलगा झाल्यावर तिने ती पुन्हा बाहेर काढली आणि होती तेवढी सगळी त्याला दिली.

एकोणिसाव्या वर्षी प्यो कचेरीत आला, तेव्हा बोलायचं काम एक म्हातारा दुभाषी करायचा आणि प्यो घोडे मोजायचा. सहा वर्षांनी म्हातारा गेला. त्या हिवाळ्यात प्यो टोपीवर हुद्द्याची घुंडी लावून, कमरेला पट्टा बांधून दरवाजापाशी उभा राहिला. समोर कोरियाचे वकील घोड्यावर, दाढीला दंव धरलेलं. प्यो पुढे झाला, लवून नमस्कार केला आणि त्यांच्या भाषेत म्हणाला, "काका, आलात का? मी कधीची वाट बघतेय. घोडी दमली असतील ना हो? आधी त्यांना पाणी देऊया हं."

वकिलांनी घोडं पुढे काढलं. मागचे घोडे सांभाळणारे मोतद्दार घोड्यांच्या आड झाले, त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं थंडीने कुडकुडताहेत.

तेरा वर्षं हे असंच चाललं. वाघाच्या कातड्याला तो 'मोठं मांजर' म्हणायचा. कचेरीतल्या वजनांना 'सागरगोटे'. बादशहाच्या हुकुमाला 'मोठ्या घरचा निरोप'. जकात हा शब्द त्याच्याकडे नव्हता, म्हणून तो सांगायचा, "ह्यातलं थोडं आम्हांला द्यायचं, नाहीतर आमचे मोठे लोक रागावतात." माणसांना कळायचं. कोणी तक्रार केली नाही. दुभाषी निरुपद्रवी आहे हे वकिलांना सोयीचं वाटत असावं. आधीचा म्हातारा तसा नव्हता.

तक्रार आली ती प्यो अडतीस वर्षांचा असताना. त्या वर्षी ग्वाक नावाचे नवे उपवकील आले होते, मोठे पंडित. त्यांनी दरवाजात एकदा प्योचं बोलणं ऐकलं आणि ते घोड्यावरून उतरायला तयार होईनात. लेखी तक्रार दिली असती तर प्रकरण मुकदनच्या वरच्या कचेरीत गेलं असतं, म्हणून त्यांनी ती तोंडी द्यायचं ठरवलं. तोंडी तक्रार दुभाष्यामार्फतच द्यायची असते.

किल्लेदार यारहा अंगणात खुर्ची टाकून बसला. मांचू माणूस, पोट मोठं, शिकारीखेरीज कशाचं फारसं कौतुक नाही. उपवकील समोर उभे राहिले. त्यांच्या मागे त्यांचा स्वतःचा दुभाषी, ह्योन देग्यू. दोन्हीकडचा एकेक दुभाषी हजर पाहिजे असा शिरस्ता होता. एकाने सांगायचं, दुसऱ्याने चूक धरायची.

ग्वाकसाहेब बराच वेळ बोलले. प्यो मान खाली घालून ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "काका, जरा हळू बोला ना. मोठे शब्द मला येत नाहीत."

ग्वाकसाहेबांनी डोळे मिटले आणि पुन्हा हळू सांगितलं.

मग प्यो किल्लेदाराकडे वळला. मांचू तो चारचौघांसारखीच बोलायचा. "सरकार, उपवकील म्हणतात, तुमचा दुभाषी आठ-नऊ वर्षांच्या खेडवळ पोरीसारखा बोलतो. राजाच्या वकिलाला काका म्हणतो. टोपीवर घुंडी लावलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकायचं म्हणजे त्यांच्या राजाचा अपमान आहे. दुसरा माणूस नेमावा म्हणतात."

"कोणता दुभाषी?" किल्लेदाराने विचारलं.

"मी, सरकार."

"तू पोरीसारखा बोलतोस?"

"बोलत असेन, सरकार. मला कधी तसं वाटलं नाही."

किल्लेदाराने ह्योनकडे पाहिलं. "ह्याने सांगितलं ते बरोबर आहे?"

"बरोबर आहे," ह्योन म्हणाला. त्याची मांचू आमच्यापेक्षा स्वच्छ होती. "उपवकिलांनी खेडवळ दोनदा म्हटलं, ह्यांनी एकदाच सांगितलं."

"दुसऱ्यांदा त्याच्या आधी आणखी एक शब्द होता," प्यो म्हणाला. "तो मला कळला नाही, म्हणून सोडला."

"अडाणी," ह्योनने सांगितलं.

"अडाणी खेडवळ पोरीसारखा, सरकार," प्योने दुरुस्ती केली.

किल्लेदार मिशी चावत बसला. मग म्हणाला, "दुसरा दुभाषी मागवायचा तर मुकदनला लिहावं लागेल. ते राजधानीला लिहितील. तीन वर्षं गेली. शिवाय हा प्रामाणिक आहे, आत्ताच दिसलं. तुमच्या गाड्या यायला अजून अकरा दिवस आहेत ना? मग तुमचाच माणूस ह्याला शिकवू दे. प्यो, सांग त्यांना."

प्योने सांगितलं. शेवटी स्वतःकडून फक्त एवढं घातलं, "मी नीट शिकेन हं."

अकरा दिवस ह्योनने त्याला कचेरीमागच्या खोलीत बसवून शिकवलं. वडीलधाऱ्यांशी कसं बोलायचं, वकिलांशी कसं, राजाचं नाव निघाल्यावर वाक्य कसं संपवायचं. ह्योन कडक होता. प्यो चुकला की तो पंख्याने टेबलावर टकटक करायचा. "काका नाही. महोदय. म्हणा."

"महोदय."

"आपलं आगमन सुखरूप झालं ना?"

"आपलं आगमन..." प्यो थांबला. "घोड्यांचं काय म्हणायचं?"

"घोड्यांचं काही म्हणायचं नाही."

प्योला ते पटलं नाही असं मला दिसत होतं, पण त्याने लिहून घेतलं. त्याच्याकडे शब्दांची वही झाली. समोर बसून मी ते ऐकत होतो आणि मलाही थोडं येऊ लागलं.

पाचव्या दिवशी त्याने घरी जाऊन आईवर सराव केला. दुसऱ्या दिवशी कचेरीत आला तेव्हा वही उघडलीच नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तोंगभाऊ, आईला म्हटलं, आपलं भोजन झालं का. तिने पळी खाली ठेवली. म्हणाली, कुणाशी बोलतोयस? मी म्हटलं, तुझ्याशी. म्हणाली, असं फक्त एकजण बोलायचा, शेतसारा गोळा करायला येणारा माणूस, तोही बाबांशी बोलायचा, माझ्याशी नाही. आणि मग मांचूत म्हणाली, पेज निवते आहे, जेव."

"मग?"

"मग जेवलो. ती आता माझ्याशी मांचूच बोलते. एकच रात्र झाली आहे अजून, पण ती एकदा ठरवलं की बदलत नाही."

"तू पुन्हा पहिल्यासारखं बोल ना घरात."

"बोललो. म्हणाली, तुला ते शोभत नाही म्हणतात ना लोक? मग राहू दे."

नवव्या दिवशी ह्योनने वजनांबद्दल विचारलं. "तुम्ही वजनांना सागरगोटे का म्हणता ते समजलं. पण सागरगोट्यांना जो शब्द तुम्ही वापरता, तो कुठून आला?"

"आईचा आहे."

"तो शब्द मी एकाच ठिकाणी ऐकला आहे. छोलसानच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला. तीन-चार गावं असतील. बाकी कोरियात कोणाला कळणारही नाही. आईचं गाव कोणतं?"

"तिला माहीत नाही. आठ वर्षांची होती. गावाला ती गावच म्हणायची."

ह्योनने पुढे काही विचारलं नाही. अकराव्या दिवशी गाड्या आल्या, वकील राजधानीला गेले. वसंतात परतताना दरवाजात प्यो त्यांना म्हणाला, "महोदय, आपलं आगमन सुखरूप झालं ना?" ग्वाकसाहेबांनी मान हलवली. मोतद्दारांचे चेहरे पडले होते. त्यांच्यातला एक मला नंतर म्हणाला की वर्षभर ते त्या 'काका' हाकेची वाट बघायचे.

पुढच्या हिवाळ्यात ह्योन पुन्हा आला. सगळी मोजणी झाल्यावर तो कचेरीत येऊन माझ्या शेकोटीपाशी बसला आणि प्योला म्हणाला, "तुमच्या आईसाठी एक माणूस आणला आहे. त्या गावांत मी चौकशी केली. युद्धाच्या हिवाळ्यात ज्यांची बहीण पळवून नेली, असे चौघे निघाले. एक अंथरुणाला खिळलेला आहे, एक आंधळा, एकाच्या सुनेने येऊ दिलं नाही. हा चालू शकतो. मोतद्दार म्हणून घेतला."

"हा माझा मामा आहे?" प्योने विचारलं.

"चारांत एक," ह्योन म्हणाला.

ह्योनने हे निव्वळ मायेपोटी केलं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी त्यांच्या गाड्यांत यादीबाहेरची तीन गाठोडी होती आणि ती आमच्याकडून कोणी उघडली नाहीत. पण छोलसानपर्यंत जाऊन, दारोदार विचारत तो फिरला होता, हेही खरं.

परदेशी माणूस कोणाच्या घरी उतरला तर कारकुनाने हजर राहून नोंद करायची असा नियम होता. म्हणून त्या संध्याकाळी मी प्योच्या घरी होतो. त्याची बायको पोराला घेऊन आतल्या खोलीत होती. माणसाचं नाव चा माक्सान. एकसष्टीचा, बारीक, समोरचे दात पडलेले. तो दारातच उभा राहिला. गान्नानबाई खालून विस्तवाने तापवलेल्या बसायच्या ओट्यावर पाय दुमडून बसली होती. तिने त्याला वर ये म्हटलं नाही, आधी बघून घेतलं.

प्यो मध्ये बसला. खरं तर दोघं एकाच भाषेत बोलणार होती. पण म्हाताऱ्याचं बोलणं दातांवाचून फुसफुसायचं, आणि तिच्या बोलण्यात दर दोन शब्दांमागे एक मांचू शब्द यायचा. प्योला सांगत बसावं लागलं. एकदा तिच्या बाजूने, एकदा त्याच्या.

"आमच्या कुत्र्याचं नाव काय होतं?" तिने विचारलं. वर्षभरानंतर त्या घरात ती पहिल्यांदाच कोरियन बोलत होती.

"मी तीन वर्षांचा होतो बाई," माक्सान म्हणाला. "कुत्रा आठवत नाही. होता का तेही आठवत नाही."

प्योने तसंच सांगितलं.

"आई मला शोधायला आली होती का?"

माक्सान बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिला. मला वाटलं, आता हा हो म्हणेल. म्हणाला, "माझी आई नदीपर्यंत गेली होती असं सांगायचे. तुमच्या आईचं मला माहीत नाही."

प्योने माझ्याकडे बघितलं. मग तिला तेही तसंच सांगितलं. एक शब्द कमी नाही, जास्त नाही.

ती ओट्याच्या कडेला सरकली, दिवा उचलला आणि त्याच्या डोक्याजवळ नेला. "माझ्या भावाचे कान सुपासारखे होते. आम्ही चिडवायचो त्याला. ह्याचे बारीक आहेत."

"माझी बहीण डावखुरी होती म्हणतात," माक्सान म्हणाला. "ह्यांनी दिवा उजव्या हाताने उचलला."

"मी उजवीच आहे."

"मग तुम्ही ती नव्हे."

"तूही तो नव्हेस."

प्यो हे सगळं इमानाने दोन्हीकडे पोचवत होता, गरज नव्हती तरी. मी नोंदवही उघडून बसलो होतो, तीत नात्याचा रकाना होता आणि तो कोरा होता.

"बाहेर किती थंडी आहे," ती शेवटी म्हणाली. "वर ये. पेज आहे, आंबवलेला कोबी आहे. तुमच्याकडे कोबी घालतात का रे अजून?"

"घालतात. पण त्यात बारका मासा घालतात."

"आम्हीही घालायचो!" ती ओरडलीच. मग प्योकडे वळून म्हणाली, "सांगत होते ना मी तुला? मासा घालायचा. तू म्हणायचास, असं कोण करतं!"

माक्सान त्या घरी तीन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सही घ्यायला गेलो, तर दोघं ओट्यावर सागरगोटे खेळत होती. ती पाच खडे उडवून हाताच्या पालथ्यावर झेलायची आणि हा एकही झेलायचा नाही. "बायकांचा खेळ आहे," तो मला म्हणाला. "माझी बहीण खेळायची. मला कधी घेतलं नाही तिने."

"चांगलं केलं," गान्नानबाई म्हणाली. "तुला येतच नाही."

त्यानंतर तो सलग चार हिवाळे आला. प्रत्येक खेपेला येताना तीन दिवस, परतताना दोन. भाऊ-बहीण म्हणून नाही, त्याबद्दल दोघांचंही मत ठाम होतं. तो तिला 'बाई' म्हणायचा, ती त्याला 'अरे छोलसान'. ती त्याच्यासाठी दरवर्षी कापूस भरलेले मोजे शिवून ठेवायची आणि तो ते मापाला मोठे आहेत म्हणून तक्रार करायचा. "तुझ्या पायांचं माप मी कशाला लक्षात ठेवू?" ती म्हणायची. प्योला आता मध्ये बसावं लागत नव्हतं. तिचे मांचू शब्द म्हातारा शिकला होता आणि त्याचं फुसफुसणं तिला कळायला लागलं होतं. प्यो बाजूला बसून ऐकायचा. तिच्या तोंडी हळूहळू मोठ्या माणसांचे शब्द यायला लागले. अशा वयात! 'काळजी', 'म्हातारपण', 'उधारी', असले. तिच्याकडे हे शब्द कधी नव्हतेच. त्यातले तीन प्योने आपल्या वहीत उतरवून घेतले, कारण ते ह्योननेही शिकवले नव्हते.

ती प्योशीही पुन्हा कोरियन बोलू लागली. कधीपासून, हे त्याला सांगता येईना. एका सकाळी ती म्हणाली, "बाळा, टोपी विसरलास," आणि तो टोपी घेऊन निघाला. कचेरीत पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते कोरियनमध्ये होतं.

पाचव्या वर्षी पहिला बर्फ पडायच्या आधी गान्नानबाई गेली. तिला श्वासाचा त्रास होता. हिवाळ्यात वकील आले तेव्हा प्यो आधी त्यांच्यापाशी गेला, महोदय म्हणाला, आगमन सुखरूप झालं का विचारलं, सगळं नीट केलं. मग रांगेच्या शेवटी मोतद्दारांपाशी गेला. मी यादी घेऊन मागे होतो.

"आई गेली हो," तो माक्सानला म्हणाला.

म्हाताऱ्याने घोड्याचा लगाम दुसऱ्या हातात घेतला. "कधी?"

"दोन महिने झाले."

"जेवायची का?"

"शेवटी नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि घोडं पुढे काढलं. त्या रात्री तो नेहमीसारखा प्योच्याच घरी उतरला. सकाळी बघतो तर कपाळाला जाड्याभरड्या तागाची पट्टी बांधलेली. सख्खं माणूस गेलं की कोरियन लोक बांधतात तशी. किल्लेदाराने विचारलं, ही कशासाठी, सुतक असलेल्या माणसाला नजराण्याच्या घोड्याला हात लावता येत नाही. प्योने जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "सरकार, तो म्हणतो, बहिणीसाठी. कोणती बहीण म्हणून विचारलं, तर म्हणतो, पळवलेली. आणि घोड्याचं म्हणाल तर तो बादलीला हात लावेल, घोड्याला नाही."

किल्लेदाराने परवानगी दिली. मी तसं लिहिलं.

पुढच्या वर्षी माक्सान आला नाही. ह्योन म्हणाला, गुडघे गेले. त्यानंतर ह्योनही आला नाही, त्याच्या जागी त्याचा पुतण्या यायला लागला. तो हुशार होता आणि दर वाक्याला हसायचा.

प्यो आणखी काही वर्षं त्या कामावर होता. त्याची एक पायरी वाढली, घुंडीचा रंग बदलला. वकिलांशी तो निर्दोष बोलायचा आणि त्याबद्दल कोणी काही म्हटल्याचं मला माहीत नाही. मोतद्दारांशी मात्र तो बोलायचा ते वेगळं. घोड्यांना पाणी दिलं का, हे तो त्यांना अजूनही आईच्याच बोलीत विचारायचा, आणि त्यांना ते आवडायचं. ह्याची दप्तरात नोंद नाही.

आता दुभाष्याच्या बैठकीवर त्याचा मुलगा आहे. नियमाप्रमाणे. तो पुस्तकातून शिकला, चांगला शिकला, वकील त्याची तारीफ करतात. प्यो घरी असतो. परसात कोबी लावतो, तो मासा घालून आंबवतो, बरण्या भरतो आणि एक माझ्याकडे पाठवतो. मला तो मासा सोसत नाही, तरी खातो. टोपी त्याने परत केलेली नाही. घुंडी काढून ठेवली आहे. ऊन लागतं म्हणून वाफ्यात बसताना ती टोपी घालतो.